बिनारांगेचं इंजेक्शन

अमरावतीच्या राजापेठेतून प्रतीक्षाचा फोन आला तेव्हा सहदेव उमाळे वांगी तोडत होता. आईला कालपासून ताप आहे, टेस्ट केली, कोविड निघाला, एवढंच लेकीनं सांगितलं आणि "घाबरू नका, बाबा" असं तीनदा म्हटलं. एकदा म्हटलं असतं तर माणूस थोडकाच घाबरतो. तीनदा म्हटल्यावर सहदेवाच्या हातातली टोपली खाली पडली आणि वांगी वाफाभर झाली.

साल दोन हजार पंचवीस, महिना जूनचा. कोविडला लोक आता सर्दीची चुलतबहीण समजायला लागले होते. ताप आला तर दोन दिवस झोपायचं, तिसऱ्या दिवशी कामाला लागायचं. पण त्याच्या बायकोची, पार्बताबाईची गोष्ट वेगळी होती. पार्बताबाईच्या पोटात सहदेवाची किडनी होती. हे अगदी शब्दशः घ्यायचं. तीन वर्षांपूर्वी नागपूरला ऑपरेशन झालं आणि त्याची एक किडनी तिला बसवली. आपल्याकडे बायकोनं नवऱ्याला किडनी दिली तर कोणी मान वर करून बघत नाही. नवऱ्यानं बायकोला दिली म्हटल्यावर मूर्तिजापूर तालुक्यातली माणसं सहदेवाला बघायला आली होती. अंगानं ही परकी किडनी नाकारू नये म्हणून पार्बताबाईला रोज दोन वेळा गोळी घ्यावी लागे, आणि त्या गोळीनं अंगाची रोगाशी भांडायची ताकद कमी होई. त्यामुळे गावाला जी सर्दी, ती तिच्यासाठी साधी नव्हती. ती दर महिन्याला रक्त तपासायला अमरावतीला लेकीकडे जाई, तशीच याही वेळी गेली होती.

सहदेव घरी आला, मोरीत पाय धुतले आणि कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला. दोन हजार एकवीस सालापासून साठवलेल्या गोळ्यांचा हा डबा त्यानं चार वर्षं राखला होता. डबा पिशवीत घातला, शेजारच्या धर्मपालला "बाग पाहजो" म्हणून सांगितलं आणि मिळेल त्या बसनं अमरावती गाठली.

बसमध्ये त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: या वेळी उशीर होता कामा नये.

उशिराचं असं झालं होतं. एकवीस सालच्या एप्रिलात त्याचा थोरला भाऊ शालिकराम अकोल्याच्या एका दवाखान्यात मशीनवर होता. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, रेमडेसिविर आणा. सहदेव रांगेत उभा राहिला. एकोणीस तास. खडूनं आखलेल्या गोलात, पुढच्याचे खांदे बघत. इंजेक्शन हातात पडलं दुपारी चारला, ते घेऊन तो दवाखान्यात पळाला, आणि सहाला शालिकराम गेला. वरातीमागून घोडं. असं कोणी त्याला म्हटलं नव्हतं. पण सहदेव स्वतःला रोज म्हणत होता. तेव्हापासून तो शालिकरामच्या घरी, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरी, बसला नव्हता. जमुनावहिनी समोर दिसली की याची मान खाली. दिवाळीला दारात उभा राहून फराळाचं ताट देई आणि उंबऱ्यावरूनच परत फिरे. पुढं पार्बताबाईच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हा "माही घ्या" म्हणाला होता, त्यामागेही प्रेमाइतकाच तो उशीर होता.

राजापेठेत प्रतीक्षाच्या घराखाली शिकवणीच्या पोरांच्या सायकली आणि गाड्यांची ही गर्दी. त्यातून वाट काढत सहदेव वर गेला. पार्बताबाई मास्क लावून पलंगावर बसली होती आणि लेकीला कांदा बारीक चिरायचा कसा ते लांबून सांगत होती.

"कशी हायेस वं?" सहदेवानं दारातूनच विचारलं.

"मी बरी हाये. तुमची किडनीच कुरकुर करून राहिली. तुमच्यासारखीच हाये, जराशा तापानं घाबरते."

सहदेवाच्या जिवात अर्धा जीव आला. उरलेला अर्धा डॉक्टरांकडे अडकला होता.

डॉक्टर आरती गावंडे किडनीच्या डॉक्टर होत्या, पस्तिशीच्या, बोलायला फटकळ आणि हाताला हलक्या. दवाखान्यात त्यांनी पार्बताबाईला तपासलं, ऑक्सिजन मोजला, छाती ऐकली. सगळं ठीक होतं. मग सहदेवानं पत्र्याचा डबा त्यांच्या टेबलावर उघडला.

"मॅडम, हे सारं हाये माह्याजवळ. याच्यातलं कोणतं देता थे पाहा. नाही त सारंच थोडं थोडं देऊन टाका."

आता हे बोलणं ऐकून कोणी हसेल, पण त्यामागं त्याचा तीस वर्षांचा अनुभव होता. वांग्यावर फवारणी करताना सहदेव काय किंवा अख्खा वऱ्हाड काय, एका पंपात अळीचं, बुरशीचं, चमक यायचं आणि दुकानदारानं आग्रह केलेलं चौथं अशी चार औषधं घालतो. एक नाही लागलं तर दुसरं लागेल. दोन हजार एकवीस साली डॉक्टरलोकांनीही माणसांवर साधारण हीच फवारणी केली होती, तेव्हा दोष एकट्या सहदेवाला कसा देणार?

डॉक्टर आरतींनी डबा पुढं ओढला आणि एकेक पाकीट उचलून टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवायला सुरुवात केली.

"ही जंताची गोळी. कोविडमध्ये उपयोग नाही, मोठमोठ्या अभ्यासांत सिद्ध झालं. ही मलेरियाची, हिचाही नाही. ही अँटिबायोटिक, विषाणूला ती लागतच नाही. ही फ्लूवरची, हिच्या तर अठरा अठरा गोळ्या एका दिवसात खाल्ल्या लोकांनी. काही हाती आलं नाही. हे झिंक, हे व्हिटामिन. आणि ही स्टिरॉइडची. ही खरी कामाची आहे काका, हिनं लाखो लोक वाचले, पण ऑक्सिजन लागला तरच. त्याआधी दिली तर उलट नुकसान. आईंना आज ऑक्सिजन लागत नाही, म्हणून हीसुद्धा डावीकडे."

उजवीकडे शेवटी एकच पाकीट उरलं. तापाची साधी गोळी. डॉक्टरांनी तारीख बघितली आणि तीही डावीकडे सरकवली.

"म्हंजे आमी एवढ्या गोळ्या खाल्ल्या थ्या?" सहदेवानं विचारलं. त्याला स्वतःला त्या साली सौम्य कोविड होऊन गेला होता आणि या डब्याच्या जोरावर आपण वाचलो असं तो चार वर्षं चारचौघांत सांगत आला होता.

"खाल्ल्या, आणि वाचलात. गोळ्यांनी नाही वाचलात, गोळ्या खाऊनही वाचलात."

प्रतीक्षा खिडकीकडे तोंड करून हसली. सहदेवालाही हसू येत होतं, पण ते मास्कच्या आत राहिलं.

"मंग आता काईच औषध नाही?"

"आहे ना. तेव्हापेक्षा फार बरं आहे. फक्त ते सगळ्यांना लागत नाही. प्रतीक्षाला उद्या झाला तर मी तिला ताक पी आणि झोप म्हणेन. पण आईंसारख्यांना सुरुवातीलाच औषध दिलं तर आजार छातीत उतरत नाही. एक पाच दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स आहे, चांगला आहे, पण आईंना चालत नाही. त्यातली एक गोळी लिव्हरचं काम मंद करते. मग किडनीसाठी रोज घेतात ती गोळी अंगातून बाहेरच पडणार नाही, साचत जाईल, आणि तुम्ही दिलेली किडनीच बिघडेल. म्हणून मी यांना तीन दिवसांचं इंजेक्शन देते. रोज एकदा, सलाइनमधून, इथंच. घ्यायचं आणि घरी जायचं."

"कोणतं इंजेक्शन?"

"रेमडेसिविर."

तोच शब्द, तीच चिठ्ठी. डॉक्टर पुढं काय बोलत होत्या ते त्याच्या कानात अर्धंच शिरत होतं. त्या सांगत होत्या की लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवसांत सुरू केलं की जमतं, आज दुसराच दिवस आहे, जितकं लवकर तितकं चांगलं पण जीव टांगायचं कारण नाही. की हल्ली कोणी मागत नाही म्हणून शहरातली दुकानं ठेवत नाहीत. की अकोल्याच्या एका ठोक विक्रेत्याकडे आहे, अमोल म्हणून पोरगा आहे, त्याला फोन केला, चार बाटल्या बाजूला ठेवतो म्हणाला, उद्या दुपारपर्यंत बसच्या पार्सलनं येतील.

"पार्सल नको," सहदेव म्हणाला. "मी जातो."

"अहो काका, तो पाठवेल."

"ठेवतो म्हणणारे मी लय पायले, मॅडम. अन् येऊन राहिलं म्हणणारेबी."

डॉक्टर आरतींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. चिठ्ठी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी सहदेव अमरावतीहून पहिल्या बसनं निघाला. त्याच्याजवळ सतरंजी, दोन छत्र्या, पाच लिटरची पाण्याची कॅन, लेकीनं रागारागात लाटून दिलेल्या बारा पोळ्या, वाटीभर ठेचा आणि खडूचा एक तुकडा होता. फायलीत पार्बताबाईचा रिपोर्ट, चिठ्ठीच्या चार झेरॉक्स, दोघांच्या आधार कार्डाच्या पाच पाच झेरॉक्स आणि तिचे तीन फोटो. एकवीस साली एका झेरॉक्सपायी त्याचा रांगेतला नंबर जाता जाता राहिला होता, तेव्हापासून कानाला खडा. मूर्तिजापूरला धर्मपाल बसमध्ये चढला. त्याला सहदेवानं रात्रीच फोन केला होता: एकानं नंबर धरायचा, एकानं हातपाय मोकळे करायचे, आळीपाळीनं. धर्मपालनं भाकरी आणि एक प्लास्टिकचं स्टूल आणलं होतं. दोस्त असावा तर असा.

"किती दिवस लागतीन रे?" धर्मपालनं विचारलं.

"सांगता येत नाई. दोन त धरूनच चाल."

सकाळी साडेसातला दोघं अकोल्यात त्या दुकानासमोर पोहोचले. शटर बंद, रस्त्यावर कुत्रं नाही.

"रांगच नाई. म्हंजे माल संपला, धर्मपाल."

"अबे, आपण पहिले आलो असन."

हे सहदेवाला पटायला वेळ लागला, कारण आयुष्यात तो कोणत्याच रांगेत पहिला नव्हता. मग त्यानं खडू काढला. शटरसमोर एक गोल काढला, सहा फूट सोडून दुसरा. पहिल्यात स्वतः उभा राहिला, दुसऱ्यात धर्मपालला स्टुलावर बसवलं. हातात फाइल, फायलीच्या वर आधारची झेरॉक्स, सगळ्यांना दिसेल अशी.

आता ज्याला जून महिन्यातलं अकोला माहीत आहे त्याला पुढं काय झालं ते सांगायची गरज नाही. पाऊस तोंडावर आला की वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कपाशीचं ठरावीक बियाणं पाहिजे असतं. ते ठरावीक बियाणं कधीच पुरत नाही, आणि ते कुठं येणार ही बातमी वाऱ्यापेक्षा आधी पसरते. अशा दिवसांत दोन धोतर-पायजम्यातली माणसं सकाळीच बंद शटरसमोर आधारची झेरॉक्स धरून उभी दिसली तर शहाण्या माणसानं काय करायचं? पाठीमागं उभं राहायचं. पाटी नंतर वाचता येते.

पहिला आला तो बाळापूरकडचा एक म्हातारा, गळ्यात दुपट्टा, हातात सातबारा.

"कवापासून उभे हा?" त्यानं विचारलं.

"आताच आलो. आमीच पहिले."

"एका आधारवर किती देतात?"

"मले चार पायजे."

"चार?" म्हातारा हळहळला. "आमाले त दोनच्या वर देत नाई म्हणत होते, बाप्पा."

पार्बतेला पहिल्या दिवशी दोन आणि पुढं रोज एक, चार लागणार होत्या. दोनच मिळाल्या तर? सहदेवानं धर्मपालकडं पाहिलं. धर्मपालनं आपली आधारची झेरॉक्स वर करून दाखवली: दोन माह्या नावावर. सहदेवाला त्या क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

साडेआठला रांगेत बारा माणसं होती. नऊला तीस. रांग कोपऱ्यावर वळली. म्हाताऱ्यानं खडू मागून घेतला आणि शिस्तीत पुढचे गोल काढून दिले, काही जण चपला ठेवून चहाला गेले. सहदेव मागं वळून वळून बघत होता. एवढे आजारी! घराघरात हा रोग शिरला आणि पेपरवाले झोपले की काय? पण एक गोष्ट त्याला खटकत होती. तीस माणसांत मास्क एकाच्याही तोंडावर नव्हता, आणि घरात रोगी असलेल्या माणसाचं तोंड कसं असतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ही तोंडं तशी नव्हती. ही मजेत होती.

"घरी कोण आजारी हाये तुमच्या?" त्यानं शेवटी म्हाताऱ्याला विचारलं.

"आजारी? कोणीच नाई. देवाची किरपा."

"मंग काहून उभे हा?"

"तुमी काहून उभे हा?"

"बायकोच्या इंजेक्शनसाठी."

म्हाताऱ्यानं मान वर करून पहिल्यांदा दुकानाची पाटी वाचली. मग सातबाऱ्याकडे पाहिलं. मग मागच्या तीस माणसांकडे. "हात्तिच्या मायले!" तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की चहाच्या टपरीवरचेही उठून आले. बातमी रांगेतून मागं सरकत गेली आणि जिथं जिथं पोहोचली तिथं तिथं माणसं आधी शिव्या द्यायला लागली आणि मग हसायला. धर्मपाल स्टुलावरून घसरून खाली बसला होता आणि डोळे पुसत होता.

नेमका तेव्हाच अमोल स्कूटीवरून आला. आपल्या दुकानासमोर तीस शेतकरी पाहून तो न थांबता तसाच पुढं गेला, कोपऱ्यावर गाडी लावली आणि तिथून सहदेवाला फोन लावला. नंबर डॉक्टर आरतींनी दिला होता.

"काका, तुम्ही दुकानाजवळ आहात का? तिथं कसला मोर्चा आहे?"

"मोर्चा नाई, बाबू. माह्या मागं लागलेली रांग हाये. ये तू, कोणी मारत नाई."

शटर वर गेलं. सहदेव काउंटरपुढं उभा राहिला आणि फायलीतले कागद एकेक करून मांडायला लागला. चिठ्ठी, रिपोर्ट, झेरॉक्स, फोटो. अमोलनं त्यातली चिठ्ठी तेवढी उचलली, मागच्या फळीवरून चार छोट्या बाटल्या काढल्या, तारीख दाखवली, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसवल्या, बिल फाडलं.

"बाकीचे कागद ठेवून घ्या, काका."

"सही?"

"नको."

"या बाईचा फोटो?"

"फोटो कशाला?"

"झालं?"

"झालं."

भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं झाली होती. सहदेव डब्याकडे बघत उभा राहिला. हलेचना. त्याला आनंद झाला होता, आणि त्याच वेळी असा राग आला होता की काउंटरवर मूठ आपटावी. हे असं मिळायला पाहिजे होतं. तेव्हा. फळीवरून काढून, चार मिनिटांत, फोटो न मागता. एकोणीस तास उभं करून नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

म्हातारा अजून तिथंच होता. बाकीची रांग पांगली होती, हा मागं राहिला होता. त्यानं दुपट्ट्याचं टोक पुढं केलं.

"मीबी होतो भाऊ, त्या साली. लेकीसाठी. वाचली माही लेक. तुमची बायकोबी वाचन. जा आता, बस धरा."

बस धरली. बारा पोळ्या आणि धर्मपालच्या भाकऱ्या बसमध्ये वाटून खाल्ल्या, कंडक्टरलाही ठेचा दिला. त्यानं पाणी मागितलं, तेव्हा पाच लिटरची कॅन कामाला आली. धर्मपाल मूर्तिजापूरला उतरला तो उतरताना पुन्हा हसत सुटला. दीडच्या आत सहदेव अमरावतीत डॉक्टरांच्या टेबलासमोर होता.

"इतक्यात?" डॉक्टर म्हणाल्या.

"रांग नव्हती," सहदेव म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "होती, पण माह्याच मागं होती."

त्या दुपारी पार्बताबाईला पहिलं सलाइन लागलं. सहदेव बाहेरच्या बाकावर बसून काचेतून थेंब बघत होता आणि प्रत्येक थेंबाबरोबर त्याची मान हलत होती. अर्ध्या तासात ती पाणीपुरीची आठवण काढायला लागली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती सलाइन लावून नर्सला मेथीच्या जुडीचे भाव सांगत होती आणि रक्ताचा रिपोर्ट सांगत होता की किडनी ठणठणीत आहे.

"जिद्दीची हाये तुमची किडनी," पार्बताबाई काचेपलीकडून ओरडली.

"माहीच हाये!" सहदेव ओरडला. दवाखान्यात लोक वळून बघायला लागले. बघू दे.

गुरुवारी निघताना त्यानं प्रतीक्षाला पुढं पाठवलं आणि स्वतः डॉक्टरांच्या खोलीत परत गेला. बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"मॅडम, एक इचारायचं होतं. खरं सांगजा. माह्या भावाले एकवीस साली हेच पायजे होतं. मी थे चार वाजता नेलं. सहाले थो गेला. सकाळी नेलं असतं, आदल्या दिवशी नेलं असतं, त…?"

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला.

"भाऊ मशीनवर होते?"

"हो. नळी टाकून. तीन दिवसांपासून."

"स्टिरॉइड चालू होतं का, आठवतं?"

"हो, थे देत होते. लिहून हाये कागदावर."

"काका, नीट ऐका. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही, मला तसं बोलता येत नाही. या इंजेक्शनचे पुढं मोठे अभ्यास झाले, अनेक देशांत, हजारो पेशंटवर. हे लवकर दिलं तर कामाचं आहे, आईंना दिलं तसं. पण जो माणूस आधीच मशीनवर गेला त्याला ते दिलं काय आणि न दिलं काय, फरक दिसला नाही. तेव्हा आम्हालाही हे पुरतं माहीत नव्हतं, हाती दुसरं काही नव्हतं, म्हणून सगळेच लिहून देत होते. त्या अवस्थेत जे उपयोगाचं होतं ते त्यांना मिळत होतं, स्टिरॉइड आणि ऑक्सिजन. तुम्ही रांगेत पहिले असता, आदल्या दिवशी असता, तरी या इंजेक्शननं ते वाचले असते असं कोणताही अभ्यास म्हणत नाही."

सहदेव आता खुर्चीत बसला. डॉक्टरांनी बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं.

"एकोणीस तास," तो म्हणाला.

"ते एकोणीस तास तुम्ही भावासाठी उभे होतात. त्यात चूक काही नव्हती."

शुक्रवारी सहदेव गावी परतला. पार्बताबाईला अजून आठवडाभर लेकीकडेच राहायचं होतं आणि बागेतली वांगी थांबणारी नव्हती. बसमधून उतरून तो स्वतःच्या दाराशी आला, कुलपाला किल्ली लावली, आणि न उघडताच तशीच काढून घेतली. शेजारच्या दारात जमुनावहिनी तांदूळ निवडत बसली होती. सहदेवानं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.

जमुनावहिनीच्या हातातलं सूप थांबलं.

"वैनी," सहदेव उभ्यानंच घाईघाईत बोलायला लागला, पाठ केल्यासारखं. "मी डॉक्टरीनबाईले इचारलं. थे म्हणे का दादा मशीनवर होता, त्याले थे इंजेक्शन आधी देलं असतं तरी… म्हंजे माह्या उशिरानं…"

"बसा," जमुनावहिनी म्हणाली.

तो बसला.

"मी त्यायच्या उशाशी होती, भाऊजी. मले दिसत होतं. तुमी यायच्या आदल्या रातीच डॉक्टरनं मले बाजूले घेऊन सांगतलं होतं. तुमाले कोण सांगन, तुमी रांगेत होते."

"मंग तुमी मले कधी…"

"तुमी घरात आले असते त सांगतलं असतं!" तिचा आवाज एकदम चढला आणि डोळे भरले. "मी कवा म्हटलं का इंजेक्शनले उशीर झाला? उशीर तुमाले झाला, भाऊजी. चार वर्षं भिंतीपलीकडे बसले. त्यायच्याबद्दल बोलाले मले माणूस नव्हता."

सहदेवानं तिच्या पुढचं सूप आपल्याकडे ओढलं आणि तांदळातले खडे काढायला लागला. जमुनावहिनीनं पदरानं डोळे पुसले, उठली आणि आत जाऊन ताट घेतलं. थोड्या वेळानं भाकरी भाजल्याचा वास आला. वाढता वाढता ती म्हणाली की त्यायले वांग्याची भाजी तुमच्याच बागेतली लागे, बाजारची ओळखू येई. सहदेव म्हणाला की दादा लबाड होता, पत्ते खेळताना एक्का मांडीखाली दाबून ठेवे. "मलेबी ठावं होतं!" जमुनावहिनी म्हणाली, आणि दोघं असे हसले की गल्लीतून जाणारा धर्मपाल थांबून आत डोकावून गेला.

तेवढ्यात पार्बताबाईचा फोन आला.

"पोहोचले का? कुठी हा?"

"वैनीकडं. जेवून राहिलो."

सहदेवाला वाटलं फोन कटला.

"अवं, ऐकू येते का?"

"येते," पार्बताबाई म्हणाली. "ठेवा फोन. अन् वैनी जेवढं वाढन तेवढं खा, नाई म्हणू नका."